दुसऱ्याच्या हातातला वस्तरा

वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करायची, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. खुळं शिरायचं वय तसं उलटून गेलेलं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी पान्यांच्या, कुलपांच्या आणि बंद पडलेल्या मनगटी घड्याळांच्या ढिगात एक काळी, जरा कमानदार मूठ दिसली. उघडली तर आत चार बोटं लांबीचं पातं, पाठीवर तांबडा गंज, आणि मुठीजवळ पोलादात ठोकलेलं गावाचं नाव: सोलिंगेन. विकणाऱ्याने आठशे सांगितले, मी निघालो, त्याने चारशेला दिला. वर म्हणाला, "जर्मन माल आहे साहेब, नातवापर्यंत जाईल." माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. नातवाच्या दाढीचा हिशेब फारच लांबचा होता, पण मी मान डोलावली.

त्याआधीची वीसेक वर्षं मी कार्ट्रिजवाला, म्हणजे दांडीला पात्यांचं तयार डोकं लावायचं आणि ते बोथट झालं की बदलायचं. सकाळी चार मिनिटांत उरकायचं, पाणी मारायचं, शर्ट घालायचा. तक्रार दाढीबद्दल नव्हती, किमतीबद्दल होती. सुपरमार्केटात तूरडाळ उघड्यावर असते आणि दाढीची पाती प्लास्टिकच्या कुलूपबंद डबीत. कॅशियरने किल्ली लावून ती सोडवली की एखाद्याला जामिनावर सोडवल्यासारखं वाटतं. एक कार्ट्रिज मला दोनशेवीसच्या आसपास पडायचं. ते मी तीन आठवडे ओढायचो, म्हणजे शब्दशः ओढायचो. तिसऱ्या आठवड्यात हनुवटीखाली लाल पुरळ उठायचं आणि बायको म्हणायची, "फेक की आता ते." फेकवत नसे. दोनशेवीस रुपयांची वस्तू कचऱ्यात टाकायला जी मनाची तयारी लागते ती आमच्या घराण्यात नाही.

पात्यांच्या संख्येचंही एक गौडबंगाल आहे. 1971 मध्ये जिलेटने दोन पात्यांचं कार्ट्रिज बाजारात आणलं. 1998 मध्ये तीन झाली, 2003 मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीने चार केली, 2006 मध्ये जिलेटने पाच. एखाद्या लिलावात हात वर होत जावेत तसं. तत्त्व म्हणून ते खोटं नाही. पहिलं पातं केस कापताना त्याला थोडा वर ओढतं, तो परत आत सरकायच्या आधी मागचं पातं त्याला आणखी खालून छाटतं. त्यामुळे केस कातडीच्या पातळीच्याही जरा खाली कापला जातो आणि गाल लोण्यासारखा लागतो. पण ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांचा हाच केस वाढताना बाहेर यायची वाट चुकतो आणि कातडीतच वळून बसतो. माझ्या हनुवटीखालचं पुरळ ते हेच. इतकी वर्षं मी त्याला 'पाणी बदललं म्हणून' म्हणत होतो.

तर वस्तरा घरी आला. गंज काढायला तीन रात्री गेल्या. बारीक पॉलिशपेपर, तेल, जुनं बनियन. धारेपर्यंत गंज पोचला नव्हता हे नशीब. धारेवर खड्डे पडले असते तर ते पातं कागद कापायच्याही कामाचं उरलं नसतं. सोलिंगेन हे जर्मनीतलं कात्र्या-सुऱ्यांचं गाव. 1938 पासून त्या नावाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे, बाहेर बनवलेल्या हत्यारावर ते ठोकता येत नाही. इंग्लंडातलं शेफील्ड तसंच. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने तिथे मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करायची रीत काढली आणि त्यानंतर वस्तऱ्याला खरी टिकाऊ धार मिळू लागली. सोलिंगेनवाल्यांनी पुढे पातं दोन्ही बाजूंनी आतवर पोखरून कागदासारखं पातळ करण्यात हात बसवला. असं पातं नखाने हळूच छेडलं तर बारीक 'टिंग' होतं. मी पहिल्या आठवड्यात ते इतक्या वेळा केलं की मुलीने विचारलं, "बाबा, हे वाद्य आहे का?"

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पाठीची. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती केवळ ताकदीसाठी नव्हे. पातं दगडावर आडवं टेकवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात आणि धारेचा कोन आपोआप तोच राहतो. म्हणजे धार लावायचा साचा कारागिराने हत्यारातच घालून ठेवलेला. मोजपट्टी नको, अंदाज नको. हे कळलं त्या रात्री मी उगाचच खूश होतो. असा खुशीतला माणूस लगेच ऑनलाइन दगड मागवतो. मीही मागवले: एक मध्यम, एक बारीक. सोबत चामड्याचा पट्टा, डुकराच्या केसांचा ब्रश, साबणाची वडी. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचं, पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाठीवरून वळवायचं, धारेवरून कधीच नाही. हे सगळं तोंडपाठ झालं. दुसऱ्याच दिवशी पट्ट्यावर मनगट उलटं फिरलं आणि नव्याकोऱ्या चामड्यात दोन बोटं लांब चीर पडली. तोंडपाठ असणं आणि हाताला ठाऊक असणं यांतलं अंतर साधारण दोन बोटं असतं.

पहिली दाढी मी सुटीच्या दिवशी ठेवली. आधी आंघोळ केली, कारण कोमट पाण्याने केस भिजून मऊ पडतात आणि मगच वस्तरा चालतो. आईने मला टॉवेल गुंडाळून पुन्हा आरशापुढे जाताना पाहिलं. "आंघोळीनंतर दाढी?" तिच्या आवाजात जो धक्का होता तो मी पोथी पायाखाली घेतली असती तरी इतकाच असता. आमच्याकडे दाढी आधी, आंघोळ मग. श्मश्रू झाली की अंगावर पाणी घेतल्याशिवाय देवाच्या खोलीत पाऊल नाही. शिवाय सोमवारी नाही, शनिवारी नाही, अमावास्येला नाही, जन्मवारी तर नाहीच नाही. आईच्या पंचांगाप्रमाणे चाललो असतो तर पुरळ उठण्याचा प्रश्नच आला नसता. शेवटी तह झाला: आधी आंघोळ, मग दाढी, मग पुन्हा दोन तांबे.

फेस छान झाला होता. उजवा गाल. डाव्या हाताने कातडी वर ताणायची, पातं गालाला साधारण तीस अंशात टेकवायचं, दाब अजिबात द्यायचा नाही. कानाजवळून खाली पहिला फटका घेतला तेव्हा जो आवाज आला तो मी आधी ऐकलेला होता. 'खर्रर्र' असा, कोरड्या पाचोळ्यावरून कुणी पाय घासत जावं तसा. कुठे ऐकला होता ते तेव्हा आठवलं नाही, कारण सगळं लक्ष न मरण्यात गुंतलं होतं. उजवा गाल बरा झाला. डाव्या गालाला गोची. उजव्या हातानेच करावं तर आपलाच हात आरशाच्या आड येतो. डाव्या हातात घ्यावा तर आरशातला डावा हात आपलं ऐकत नाही. हनुवटीच्या वळणाशी पातं क्षणभर थांबलं, मी ते आडवं सरकवलं, एवढंच. दुखलं मुळीच नाही. फेसात एक गुलाबी रेघ उमटली, मग ती लाल झाली, मग बेसिनमध्ये थेंब. तुरटी फिरवली तेव्हा मात्र ब्रह्मांड आठवलं. बायको दारात उभी होती. "विम्याचा हप्ता भरलाय ना या महिन्याचा?" एवढंच म्हणाली आणि कापूस आणायला गेली.

महिनाभरात हात बसला, म्हणजे रक्त निघायचं थांबलं. तीन महिन्यांनी बरी दाढी व्हायला लागली. हनुवटीखालचं पुरळ गेलं हे कबूल करतो. एकच पातं एकदाच फिरतं, केस कातडीच्या पातळीवर कापून थांबतं, त्याला आत घुसायची घाई नसते.

आता हिशेब, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. वस्तरा चारशे, दगड तीन हजार दोनशे, पट्टा (चिरलेला धरून दोन) पंधराशे, ब्रश-साबण नऊशे. सहा हजार झाले. कार्ट्रिजला वर्षाला साडेतीन हजारांच्या वर जात होते, म्हणजे दोन वर्षांच्या आतच पैसे वसूल. ऐकायला छान आहे. पण हा हिशेब लबाड आहे, कारण त्यात तिसरा गडी धरलेलाच नाही: वडिलांच्या काळचा, दोन बाजूंनी धार असलेल्या पातळ ब्लेडचा सेफ्टी रेझर. ब्लेड तीन रुपयांचं, चार दाढ्या सहज, वर्षाला पावणेतीनशे रुपये. पातं एकच, त्यामुळे पुरळही नाही. वेळ सहा मिनिटं. त्याच्यापुढे वस्तऱ्याचे सहा हजार वसूल व्हायला बावीस वर्षं लागतील आणि रोजची पंचवीस मिनिटं जातील ती वेगळीच. तेव्हा कुणी मला सरळ विचारलं की कार्ट्रिज सोडून वस्तरा घ्यावा का, तर मी सरळ सांगतो: नको. सेफ्टी रेझर घे, ब्लेडची पाकिटं भर आणि उरलेल्या वेळात फिरायला जा. मी स्वतःही आठवड्याचे पाच दिवस तेच करतो.

मग वस्तरा अजून कपाटात का आहे, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. तो आवाज आठवला तेव्हा थोडं कळलं.

कराडजवळच्या आमच्या गावी आजोबांची दाढी दर गुरुवारी ओसरीवर होत असे. न्हावी यायचे ते बगलेत धोकटी मारून. धोकटी उघडली की आतून एकेक वस्तू बाहेर यायची: वाटी, कातर, नखं काढायची नराणी, चिमटा, पारा उडालेला आरसा आणि सगळ्यात शेवटी वस्तरा. आजोबा गोणपाटावर मांडी घालून बसायचे. अख्ख्या वाड्याला ज्यांच्या खाकरण्याची दहशत, ते आजोबा हनुवटी वर करून, डोळे मिटून, गळा उघडा टाकून निमूट बसलेले असायचे. बोलायचे ते फक्त न्हावी. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं. आणि त्या बोलण्याच्या मधून मधून तो आवाज: खर्रर्र. पातं तळहातावर दोनदा पालथं-उताणं फिरवायचे आणि पुन्हा खर्रर्र. तळहाताचं चामडं हाच त्यांचा पट्टा. मी ओसरीच्या खांबाला धरून बघत असे. आजोबांचा कंठमणी खाली-वर व्हायचा आणि वस्तरा बरोबर तेवढा क्षण थांबायचा.

आजोबांनी आयुष्यात कधी वस्तरा हातात धरला नाही. गावात कुणीच धरला नसेल. युरोपात माणसं आरशापुढे उभी राहून वस्तऱ्याने स्वतःची दाढी करू लागली होती. पेरे नावाच्या फ्रेंच कारागिराने अठराव्या शतकातच, कापू नये म्हणून वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसवला होता आणि आपली दाढी आपण कशी करावी यावर पुस्तकही लिहिलं होतं. आमच्याकडे वस्तरा कायम दुसऱ्याच्या हातात. 'वस्तरा चांगला की कार्ट्रिज' हा प्रश्नच आपला नव्हे. आपण वस्तऱ्यावरून ब्लेडवर आलो तेव्हा हत्यार बदललं ते नंतर, आधी माणूस बदलला. गळ्यावरचा दुसऱ्याचा हात गेला आणि आपला आला.

'हजामत' हा शब्दही गमतीचा आहे. मूळ अरबी, आणि अर्थ दाढी नव्हेच: तुंबडी लावून रक्त काढणे. तुंबड्या लावणारा तोच केस कापणारा, म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं आपण अजून म्हणतो, पण त्या म्हणीतल्या न्हाव्याच्या हातात वस्तरा नसून तुंबडी का आहे, हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत पडला नव्हता. म्हणजे या हाताशी माणसाचं नातं आधी रक्ताचं, केसांचं नंतर.

ओसरीवरच्या त्या चित्राला मी उगाच सोनेरी चौकट घालणार नाही. न्हावी बलुतेदार, सुगीला ज्वारीच्या पेंढ्या आणि पायलीभर धान्य, त्यावर वर्षभर साऱ्या घराच्या डोक्यांची जबाबदारी. ते पुरत होतं की नाही हे कुणी विचारलं नाही. शिवाय गावाच्या सगळ्याच दाढ्यांना तो हात लागत नसे. वेशीबाहेरच्या माणसांना गावचा न्हावी शिवायचा नाही. त्यांना आपसातच एकमेकांची करावी लागे. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती पहिल्यांदा सेफ्टी रेझर आला असेल तेव्हा ती वस्तू त्याला माझ्यासारखी 'वडिलांच्या काळची' वाटली नसेल. आणि ज्यांच्यावर तो वस्तरा चाले त्यांतही सगळेच आजोबांसारखे खुशीने मान वर करत नव्हते. नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं ते याच वस्तऱ्याने. 1890 मध्ये मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. सुधारकांनी व्याख्यानं दिली, लेख लिहिले, ते सगळं आपण शाळेत वाचतो. ज्यांच्या पोटाचं ते साधन होतं त्यांनी ते खाली ठेवलं, हे मात्र मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

वडील शहरात आले आणि सेफ्टी रेझरवर आले. खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, स्टीलचा पेला, त्यात गढूळ होत जाणारं पाणी. ब्लेड बोथट झालं की ते काचेच्या ग्लासात आतल्या बाजूने दाबून दहा-वीसदा फिरवायचे आणि पुन्हा दोन दिवस चालवायचे. मग ते ब्लेड माझ्या पेन्सिलीला यायचं, तिथून आईच्या शिवणाच्या डब्यात, टाके उसवायला. त्याला गंज चढेपर्यंत त्याची सुटका नसे. आणि हे वापरून फेकण्यासाठी काढलेलं ब्लेड!

त्या पेल्याने पुढे मोठ्या कंपनीलाही धडा दिला. 2002 च्या सुमारास जिलेटने भारतासाठी एक रेझर काढला. चाचणी घेतली ती अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना तो आवडला, कारण त्यांच्या बेसिनला वाहता नळ होता. इथे येऊन बघतात तर माणूस पेलाभर पाण्यात दाढी करतो, पात्यांमध्ये अडकलेले केस त्यात निघत नाहीत आणि रेझर तुंबतो. मग त्यांची माणसं इथे आली, घराघरांत बसून लोक दाढी कशी करतात ते पाहिलं आणि 2010 मध्ये पंधरा रुपयांचा, पाच रुपयांच्या कार्ट्रिजचा रेझर आणला. पातं किती? एक. तिकडे पाचवर पोचलेली गाडी आमच्या पेल्यासमोर मुकाट्याने एकावर आली. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना तो आणून दिला, त्यांनी दोन दिवस वापरला आणि म्हणाले, "बरा आहे. पण ह्याने पेन्सिल कशी तासायची?"

ब्लेड फेकून देण्याची कल्पना ज्याची, त्या किंग कॅम्प जिलेटची गोष्ट मी वस्तऱ्याच्या नादात असताना वाचली. 1895 साली सकाळी दाढी करायला त्याने वस्तरा उघडला तर तो इतका बोथट झाला होता की पट्ट्यावर ओढून भागेना. धार लावून आणायला न्हाव्याकडे किंवा हत्यारं पाजळणाऱ्याकडेच जायला हवं होतं. तो तिथेच उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं, पोलादाच्या पातळ पत्र्यालाच धार लावली आणि ती गेली की पत्राच फेकून दिला तर? पोलादवाले म्हणाले, इतका पातळ पत्रा असा कडक करता येत नाही. विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरने तो करून दाखवला. 1903 मध्ये विक्री सुरू झाली, पहिल्या वर्षी रेझर खपले 51. दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर. हे यश लोक ब्लेडचं मानतात. मला विचाराल तर त्या सकाळी त्या माणसाला न्हाव्याकडे जायचा कंटाळा आला होता, आणि पुढची सगळी उलाढाल त्या कंटाळ्यावर उभी आहे.

धार जाते तरी का? केस तो केवढा. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी दाढी करून झालेली ब्लेडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी धारेचे टवके उडालेले दिसले. धार नुसती झिजत नाही. केस वाकून तिरका लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली की बारीकसा तुकडा निघून येतो. हे वाचलं आणि मला माझ्या वस्तऱ्याची काळजी वाटायला लागली. सहा महिने झाले होते. दगडावर दोनदा घासून झालं होतं, पट्ट्यावर रोज पन्नासदा ओढत होतो, पण तो आता केस कापण्याऐवजी उपटत होता. मी मनाची समजूत घालत होतो की हिवाळा आहे, केस राठ झालेत.

शेवटी एका मंगळवारी दुपारी वस्तरा रुमालात गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात गेलो. दुकान अण्णांचं. साठी उलटलेले, मूळचे सासवडकडचे, वडील बलुतेदार होते. मी वीस वर्षं तिथे केस कापतो. भिंतीवर देवांच्या तसबिरी, त्यांच्या शेजारी 'उधारी बंद', त्याखाली जुनी, पिवळी पडलेली पाटी: 'प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवीन ब्लेड'. ही पाटी नव्वदीत एड्सच्या भीतीने लागली आणि त्या भीतीनेच दुकानातला खरा वस्तरा गेला. आता ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं पान मुठीत सरकवायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं. वस्तऱ्यासारखं दिसतं, पण आत वडिलांचंच ब्लेड.

रुमाल उघडला. अण्णांनी गिऱ्हाइकाच्या मानेवरचा हात काढला आणि तो पंच्याला पुसला.

"कुठून आणला?"

"जुन्या बाजारातून."

"अस्सल आहे." त्यांनी अंगठ्याचं पेर धारेवर आडवं, अगदी हलकं फिरवलं. दुसऱ्या ठिकाणी फिरवलं. तिसऱ्या. मग माझ्याकडे बघितलं. "ह्यानं दाढी करता तुम्ही?"

"सहा महिने."

"गाल दगडाचा दिसतोय तुमचा. धार कुठाय ह्याला?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून हसलं. मी सांगितलं की रोज पन्नासदा पट्ट्यावर ओढतो. अण्णा म्हणाले, "पट्टा धार राखतो, आणत नाही. आणि तुम्ही दाबता. हे बघा, मधे चपटी झालीय आणि टोकाला जाडी तशीच. हात जड आहे." मग ते आतल्या खोलीत गेले. भांड्यांचा आवाज आला, एक पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते फडक्यात गुंडाळलेला, हिरवट-करडा, मधोमध किंचित खोल गेलेला दगड घेऊन. "वडलांचा निसणा."

खुर्चीतल्या माणसाला अर्ध्या कापलेल्या डोक्यानिशी बसवून त्यांनी बाकावर बैठक मारली. दगडावर पाणी शिंपडलं. पातं टेकवलं आणि सरकवलं, आणि मी इतके महिने जे करत होतो ते काहीतरी वेगळंच होतं हे दिसलं. माझा हात पात्याला ढकलायचा. त्यांचा हात नुसता बरोबर जात होता, पाण्यावर पडलेल्या पानासारखा. दगडाच्या मधल्या खोलगट भागावरून जाताना मनगट किती वळायचं हे त्या मनगटाला ठाऊक होतं. दगड त्याच घरातल्या हातांनी झिजवलेला. पंचवीस वर्षांत खऱ्या वस्तऱ्याला हात लावला नव्हता, असं मागाहून म्हणाले. मधेच थांबून पातं उजेडाकडे धरायचे, मनगटावरच्या लवेला लावून बघायचे, पुन्हा दगडावर. वीस मिनिटं गेली. खुर्चीतला माणूस मोबाइल बघत बसला. शेवटी उजवं-डावं असं दोनदा तळहातावर फिरवलं, ओसरीवरच्या न्हाव्यांसारखंच, आणि खुर्ची रिकामी झाल्यावर म्हणाले, "बसा."

"ह्यानं?"

"तुमचाच आहे ना? तुमच्यावर चालवायला कायदा आडवा येत नाही."

मी डोकं मागे टेकवलं. त्यांनी दोन बोटांनी हनुवटी वर केली. गरम पाण्याचा पंचा, फेस, आणि मग कानाखालून तो आवाज, पण माझ्या आवाजापेक्षा फार हलका. गळ्याशी आल्यावर मी गिळलं आणि पातं थांबलं. मला डोळे उघडावेसे वाटले नाहीत. अण्णा बोलत होते: धाकटा मुलगा बँकेत लागलाय, मोठ्याने नव्या वस्तीत सलून काढलंय, तिथे एसी आहे, कॉफी देतात, दाढीचे दीडशे घेतात. कुणाचा तरी बांध कुणी तरी कोरला होता, तेही होतं मधे. मी हं हं करत होतो.

पैसे विचारले तर म्हणाले, "दाढीचे ऐंशी द्या."

"आणि धार लावायचे?"

ते निसणा पुसत होते. "त्याचा काय भाव सांगू? विसरलो मी." मग जरा थांबून, "हा दगड तुम्हीच घेऊन जा. पोरं काही करायची नाहीत ह्याचं. तुम्हाला नाद तरी आहे."

मी दगड हातात घेऊन बघितला. जड होता, अजून ओला होता. परत त्यांच्यापुढे ठेवला.

"इथेच असू दे अण्णा. माझा हात जड आहे. धार गेली की मीच येत जाईन."

"दोन महिन्यांनी या," ते म्हणाले. "आणि सोमवारी येऊ नका, बंद असतं."